‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’: १९२० च्या दशकातील गोल्फसाठी नेमके शब्द

प्रश्न: अमेरिका आणि ब्रिटनमधील श्रीमंतांच्या १९२० च्या दशकातील गोल्फविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. त्यात बॉबी जोन्सला ‘अ‍ॅमॅच्युअर’ आणि वॉल्टर हेगनला ‘प्रोफेशनल’ म्हटले आहे. मी ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ असे शब्द योजले. परंतु वाचताना जोन्स हा सुटीच्या दिवशी खेळणारा कच्चा खेळाडू आणि हेगन हा प्रतिष्ठित तज्ज्ञ वाटतो. त्या काळच्या क्लबांमध्ये मान मात्र जोन्सलाच होता. कोणते शब्द वापरावेत?

उत्तर: आपली शंका रास्त आहे, मात्र माझ्या मते ‘हौशी’पेक्षा ‘व्यावसायिक’ या शब्दाने अधिक घोटाळा होतो.

‘हौस’ हा शब्द मूळ अरबी ‘हवस’वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. हिंदीत त्याला वासनेचा अर्थ चिकटला, मराठीत तो आवड आणि उत्साह यांच्याकडे वळला. ‘अ‍ॅमॅच्युअर’च्या मुळाशीही लॅटिनमधला ‘प्रेम करणारा’ हाच अर्थ आहे, त्यामुळे व्युत्पत्तीच्या अंगाने ‘हौशी’ अगदी जवळचा ठरतो. अडचण आहे ती आजच्या छटेची. ‘हौशी नट’ म्हटले की कौशल्य थोडे कमी असणार, असे आपण गृहीत धरतो. जोन्सला हे मुळीच लागू पडत नाही: अटलांटाच्या या वकिलाने १९३० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या आणि हौशी अशा चारही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्ती घेतली.

त्या जगात ‘अ‍ॅमॅच्युअर’ हा शब्द कौशल्य नव्हे, तर सामाजिक दर्जा सांगत असे. खेळावर पोट अवलंबून नसलेला, म्हणजे बहुधा सुखवस्तू घरातला, क्लबचा सभासद होऊ शकणारा माणूस, असा त्याचा अर्थ होता. ‘प्रोफेशनल’ हा क्लबचा पगारी माणूस असे; तो सभासदांना शिकवी, त्यांच्या काठ्या तयार करी, दुरुस्त करी आणि पुष्कळदा लहानपणी कॅडी म्हणून त्यांच्या पिशव्या वाहून मोठा झालेला असे. १९२२ ची अमेरिकी खुली स्पर्धा जिंकणारा जीन साराझेन असाच कॅडीचे काम करत वर आला होता. १९२० मध्ये इंग्लंडमधील डील येथे हेगनला क्लबहाऊसमध्ये कपडे बदलण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने एक आलिशान मोटार भाड्याने घेऊन दारासमोर उभी केली आणि तिचाच पोशाखघरासारखा उपयोग केला. मला हा प्रसंग कोणत्याही शब्दकोशातील नोंदीपेक्षा अधिक बोलका वाटतो. त्याच वर्षी अमेरिकेतील टोलेडोच्या इन्व्हरनेस क्लबने खुल्या स्पर्धेसाठी आलेल्या धंदेवाईकांना क्लबहाऊस खुले केले, तेव्हा त्यांनी कृतज्ञतेपोटी क्लबला एक उंच उभे घड्याळ भेट दिले.

वरच्या वाक्यात मी ‘धंदेवाईक’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. एकेकाळी तो निव्वळ वर्णनपर होता. ‘धंदेवाईक नाटक मंडळी’ असे सहज म्हटले जाई. पुढे त्याला केवळ पैशासाठी करणारा अशी हिणकस छटा आली, आणि प्रतिष्ठेचा अर्थ ‘व्यावसायिक’कडे गेला. १९२० च्या दशकातील क्लबांची नजर दाखवायची असेल, तर हीच हिणकस छटा आपल्या उपयोगाची आहे. ‘व्यावसायिक’ लिहिल्यास हेगनला दाराबाहेर का थांबावे लागले, हे मराठी वाचकाला उमजणार नाही.

म्हणून भाषांतरात ‘धंदेवाईक’ सर्वत्र ठेवावा. ‘हौशी’ही ठेवावा, पण पहिल्या उल्लेखाच्या वेळी तेथेच एक उपवाक्य जोडावे: ‘हौशी, म्हणजे खेळातून एक पैसाही न घेणारा आणि म्हणूनच क्लबमध्ये बरोबरीने वावरणारा’. ‘कॅडी’ मात्र तसाच राहू द्यावा. ‘हमाल’ किंवा ‘मदतनीस’ म्हटल्यास मैदानाची जाण असलेला, कोणती काठी घ्यावी हे सुचवणारा माणूस त्यातून हरवतो.