व्हायोलिनचा साउंडपोस्ट घरी करायचाय: काडी गोल कशी करू?

चौथी_तार
साउंडपोस्ट म्हणजे व्हायोलिनच्या आत वरच्या आणि खालच्या पाटीमध्ये उभी राहणारी काडी. स्प्रूसचा (सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा) चांगला वाळलेला ठोकळा हाताशी आहे. ६ मिमी जाडीची काडी हवी. लेथ नाही, रंधा, पटाशी आणि सुरी आहे. ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपर लावू, की पोलादी पट्टीला भोक पाडून त्यातून ठोकत काढू?

रंधा_आणि_धार
दोन्ही नको. स्प्रूसमध्ये मऊ आणि कठीण थर आलटूनपालटून असतात. पेपर मऊ थर आधी खातो, म्हणून काडी लंबगोल होते. भोकातून ठोकलीत तर मऊ थर चिरडतात. धार मात्र दोन्ही थर सारखेच कापते.

पण त्याआधी ठोकळा करवतीने कापू नका, पटाशी टेकवून फोडा. फोडलेलं लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषेतच फुटतं, त्यामुळे रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग राहतात. करवतीने कापलेल्या पट्टीत त्या मध्येच तिरक्या बाहेर पडतात आणि काडी तिथे कमजोर होते. फुटलेला तुकडा पिळलेला निघाला तर तो बाजूला ठेवा, कितीही सुंदर दिसला तरी.

मग ७ मिमीचा चौकोन करा. तो व्ही आकाराच्या खाचेत ठेवून कोपरे मारा: आठ बाजू, मग सोळा. शेवटी पेपरचा हलका हात. एफ-होलमधून (वरच्या पाटीतल्या f आकाराच्या भोकातून) काडी सहज आत गेली की गोलाई पुरे. माझा जीव खरा अडकतो तो टोकांत! वरच्या आणि खालच्या पाटीला आतून बाक असतो. टोकं त्या बाकाला पूर्ण टेकली पाहिजेत. ती सुरीनेच कापा. पेपरने कड गोल होते आणि टेकण्याची जागा कमी होते.

खर्जातला
चेलोला (व्हायोलिनच्या मोठ्या भावंडाला) साधारण ११ मिमी लागते, पद्धत हीच. उभी करताना काडीच्या रेषा वरच्या पाटीच्या रेषांना काटकोनात ठेवा, नाहीतर तिचे कठीण थर पाटीच्या मऊ रेषांत रुततात. बाहेरून दिशा कळावी म्हणून काडीवर पेन्सिलची खूण करून ठेवा. आणि गोंद अजिबात नको, पुढे सरकवावी लागतेच.

चौथी_तार
लांबी कशी ठरवू? टोक टेकलंय हे कसं बघायचं?

रंधा_आणि_धार
एफ-होलमधून पातळ पट्टी घालून आतली उंची मोजा आणि काडी १-२ मिमी जास्त ठेवा. ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या) ई तारेकडच्या, म्हणजे सर्वात बारीक तारेकडच्या, पायाच्या किंचित मागे उभी करा. मग शेपटाकडची खुंटी काढून त्या भोकातून दिवा दाखवा आणि बघा. एफ-होलमधून दंतवैद्याचा छोटा आरसा घातलात तर दुसरी बाजूही दिसते. एका बाजूने उजेडाची फट दिसली की काडी काढा, तेवढंच छिला, पुन्हा लावा. घाई करू नका, हे काम संध्याकाळ खातं. तारा सैल असताना काडी स्वतः उभी राहील इतकीच घट्ट हवी. लांब काडी जोराने बसवलीत तर वरच्या पाटीला तडा जाऊ शकतो. आखूड झाली तर पातळ चकती चिकटवून वाढवू नका, नवी करा.