आल्बाराथीनला आई-वडिलांना घेऊन जायचंय: बस की गाडी, मुक्काम किती, शाकाहाराचं काय?

अजिंक्यतारा_पायथा

मे महिन्यात आम्ही चौघं साताऱ्याहून स्पेनला निघतोय. आई-वडील सत्तरीला टेकलेले, आम्ही दोघं चाळिशीतले. माद्रिद आणि वालेन्सिया ठरलंय. वडिलांना गड-कोटांची आवड, त्यामुळे आरागोन प्रांतातलं आल्बाराथीन हे तटबंदीचं लाल गाव बघायचंच असा त्यांचा आग्रह आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं:

सार्वजनिक वाहनाने जमेल का? सकाळी जाऊन संध्याकाळी परत पुरेल, की राहावं? आई अंडंही खात नाही, तिच्या जेवणाचं काय? वडिलांचे गुडघे दुखतात, चढ कितपत आहे?

घाटरस्ता_वाई

दादा, बसच्या भरवशावर राहू नका. आल्बाराथीनला रेल्वे जात नाही. जवळचं स्टेशन तेरुएल, सुमारे ३८ किलोमीटरवर. वालेन्सियाहून तेरुएलला रेल्वे आहे, पण ती संथ आहे, अडीच तास तरी धरा. माद्रिदहून तेरुएलला थेट रेल्वेच नाही. आणि खरी अडचण तेरुएलच्या पुढे सुरू होते. तिथून आल्बाराथीनला दिवसाला एखादीच बस, आणि तीही गावकऱ्यांच्या सोयीची: सकाळी गावातून तेरुएलला, दुपारनंतर परत. आपल्याकडच्या मुक्कामी एसटीसारखं समजा. पाहुण्याला त्याच दिवशी जाऊन येणं त्यात बसत नाही. रविवारी आणि सुटीच्या दिवशी ती धरूच नका. बसने गेलातच तर वाटेत 'खेआ दे आल्बाराथीन' नावाचं दुसरं गाव लागतं, नावाला फसून तिथे उतरू नका. गाडीच्या नकाशातही पूर्ण नाव बघूनच टाका. उच्चार 'थीन' असा करा, 'सिन' किंवा 'किन' म्हटलं तर तिथल्या माणसाला पटकन कळत नाही.

नकाशावर तेरुएलला विमानतळ दिसेल. तिथे विमानं उभी करून ठेवतात आणि दुरुस्त करतात, प्रवासी विमानं उतरत नाहीत.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी माद्रिद. तिथून वालेन्सियाला वेगवान रेल्वे, दोन तासांच्या आत पोहोचते. वालेन्सिया बघून झालं की तिथेच गाडी भाड्याने घ्या, आल्बाराथीन करून वालेन्सियालाच परत द्या. माद्रिदला घेऊन वालेन्सियाला सोडली तर दुसऱ्या शहरात सोडण्याचा वेगळा आकार लागतो आणि तो अनेकदा भाड्याइतका होतो. वालेन्सियाहून अंतर साधारण १८० किलोमीटर, दोन तास. ए-२३ हा चौपदरी महामार्ग तेरुएलपर्यंत, त्यावर टोल नाही. पुढे ए-१५१२ हा साधा रस्ता, शेवटी नदीच्या घळीतून वळणं घेत जातो. पसरणी घाट चालवणाऱ्याला त्यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते उजव्या बाजूने चालवणं. भर रहदारीत चूक होत नाही, कारण पुढची गाडी बघून आपण आपोआप बरोबर राहतो. चूक होते ती पंपावरून किंवा पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर येताना, आणि डावीकडे वळून नव्या रस्त्याला लागताना. त्या दोन क्षणी शेजारी बसलेल्याने 'उजवीकडे' असं मोठ्याने म्हणायचं, हे आधीच ठरवून ठेवा. चौकातल्या गोलाला आत फिरणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, ती डावीकडून येते. गिअरची काठी उजव्या हाताला येते, म्हणून गाडी ठरवतानाच ऑटोमॅटिक मागा. ऐनवेळी मिळत नाही, तिकडे बहुतेक गाड्या हाताच्या गिअरच्या असतात. वेग महामार्गावर १२०, साध्या रस्त्यावर ९०, गावात एकेरी पदराच्या रस्त्यावर ३०.

पंपावर 'गासोलीना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. दोन्ही शब्द 'गॅस'ने सुरू होतात आणि घाईत चुकीचं इंधन भरलं जातं. टाकीच्या झाकणावरची खूण आणि नळीवरची खूण जुळवून मगच भरा. टाकी तेरुएललाच पूर्ण करा.

कृष्णाकाठ_सांगली

जेवणाबद्दल लिहिते, कारण या भागात शाकाहारी माणसाचे हाल अज्ञानामुळे होतात. तेरुएल हा डुकराच्या खारवून वाळवलेल्या मांडीचा, म्हणजे 'खामोन'चा मुलूख. स्पेनमध्ये या पदार्थाला मूळ स्थानाचं संरक्षण सगळ्यात आधी मिळालं ते तेरुएलच्या खामोनला, १९८४ साली. तिथल्या स्वयंपाकात तो फोडणीतल्या मोहरीसारखा पडतो. घेवड्याची आमटी, लसणाचं सूप, परतलेल्या पावाचा 'मीगास', सगळ्यात तुकडे असू शकतात. शिवाय तिकडे 'मांस नको' म्हटलं की कित्येकांच्या लेखी फक्त लाल मांस वगळलं जातं, खामोन आणि मासा उरतोच. 'एन्सालादा मिक्स्ता' नावाची साधी कोशिंबीर मागवलीत तरी वर ट्यूना मासा पसरलेला येतो.

म्हणून एकेक नाव घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन वेवो. म्हणजे मांस, खामोन, मासा, ट्यूना आणि अंडं यांच्याशिवाय. हेच स्पॅनिश लिपीत मोठ्या अक्षरात छापून आईंच्या पर्समध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. ताट आल्यावर सांगितलं तर वरचे तुकडे काढून तेच ताट परत येतं.

चालण्यासारखं काय? टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या ढोबळी मिरच्या, ऑलिव्ह, बदाम, तळलेली वांगी मधासोबत. 'पिस्तो' ही वांगी-टोमॅटोची भाजी चांगली असते, फक्त वर अंडं फोडून देतात, ते आधीच नको म्हणायचं. 'तोर्तीया' म्हणजे इथे बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, मेक्सिकोची पोळी नव्हे. 'गास्पाचो' हे गार टोमॅटो सूप शाकाहारी, पण याच नावाचा डोंगरी भागातला गरम पदार्थ सशाच्या मांसाचा असतो. नाव तेच, पदार्थ वेगळा, तेव्हा 'फ्रीओ', म्हणजे थंड, आहे का ते विचारा. गावात मेंढीच्या दुधाचं चीज मिळतं, उत्तम असतं, पण ते विरजायला बहुधा प्राण्याचं रेनेट, म्हणजे कोकराच्या किंवा वासराच्या जठरातलं विरजण, वापरतात. आईंना चालत नसेल तर टाळा.

वेळा पाळल्या नाहीत तर पैसे असून उपाशी राहाल. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद. दुकानंही दुपारी दोन ते पाच बंद. सत्तरीच्या माणसांना रात्री नऊला जेवायला लावू नका, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. तेरुएलच्या सुपरमार्केटमधून वाटेतच तांदूळ, दही, भाज्या आणि काचेच्या बरणीतले उकडलेले छोले, 'गार्बान्थोस', घ्या. बरणीवर घटक वाचा: छोले, पाणी, मीठ एवढंच हवं. रविवारी दुकानं मिळणार नाहीत असं धरून चाला. गाव सुमारे १,१७० मीटरवर आहे, पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं, भात उघड्या भांड्यात थोडा जास्त वेळ घेतो.

इथून काय न्यायचं: भडंग, चटण्या, मेतकूट, भाजणी, लाडवाचं कोरडं पीठ. कंदी पेढे, तूप, खवा नेऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर नकोच, ताज्या फळांना रोपस्वच्छतेचा दाखला लागतो.

अजिंक्यतारा_पायथा

ताई, पेढ्यांचं माहीत नव्हतं, दोन किलो घ्यायचं चाललं होतं. खूप उपयोग झाला. आता राहायचं कुठे? सामान मोठं आहे, आणि वडिलांच्या गुडघ्यांचा प्रश्न राहिलाच.

वाडा_चिरेबंदी

दोन रात्री राहा, एक तरी राहाच. गाव जेमतेम हजार वस्तीचं. सुटीच्या दिवशी अकरा ते पाच गल्ल्या भरून जातात, नंतर दिवसाचे पाहुणे निघून जातात. मेमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे गर्दी ओसरल्यावर चांगले तीन-चार तास उजेड मिळतो. तोच वेळ या गावाचा. सोमवार ते गुरुवार यांतले दिवस धरा.

मुक्कामाची जागा ठरवताना एकच गोष्ट बघा: ती वरच्या जुन्या गावात आहे की खाली 'आर्राबाल'मध्ये. जुनं गाव नदीच्या वळणावर उभ्या कड्याच्या पाठीवर आहे, गल्ल्या दगडी, अरुंद, पायऱ्यांच्या. गाडी खाली लावायची आणि चढायचं. चाकांची बॅग तिथे चालत नाही, चाकं दगडांत अडकून तुटतात. वर राहणार असाल तर दोन रात्रींपुरती पाठीवरची पिशवी वेगळी भरा, मोठ्या बॅगा गाडीच्या डिकीत झाकून ठेवा. तुमच्या वडिलांसाठी मात्र मी खालचं आर्राबालच सुचवेन. दिवसातून एकदाच चढायचं, दुपारी विश्रांतीला पुन्हा पुन्हा वर-खाली नको. बुकिंगआधी मेल करून तीन प्रश्न विचारा: पार्किंगपासून दारापर्यंत पायऱ्या किती, खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का. जुन्या घरांत लिफ्ट सहसा नसते.

आता गावाबद्दल. वडिलांना हे आधी सांगा, म्हणजे डोळ्यांना काय शोधायचं ते कळेल. नाव आलं बनू राझीन या बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या, घराण्यावरून. अकराव्या शतकात हे त्यांचं छोटं स्वतंत्र राज्य होतं. बाराव्या शतकात ते नवारेच्या आसाग्रा घराण्याकडे आलं, आणि कास्तीया व आरागोन या दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये ही चिमुकली जागीर शंभराहून अधिक वर्षं टिकली. १२८४ साली आरागोनच्या तिसऱ्या पेद्रोने वेढा घालून ती घेतली. दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये तग धरायचा तर कडा, नदी आणि तट हेच भांडवल. सह्याद्रीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

घरं लाल का? भिंती लाकडी सांगाड्याच्या, वर स्थानिक जिप्समचा गिलावा. त्या जिप्सममध्ये लोहाचा अंश असल्याने रंग मुळातच लालसर येतो. जिप्सम पाण्याला कच्चं असतं, चुन्यासारखं टिकत नाही. तिथला पाऊस कमी म्हणून चालतं, आपल्या जावळीच्या पावसात असला गिलावा एका हंगामात धुऊन जाईल. म्हणूनच छपरांची वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली दिसते. खाली जागा नाही, म्हणून वरचे मजले गल्लीवर पुढे आलेले, समोरासमोरच्या वळचणी काही ठिकाणी जवळजवळ टेकतात. मोलिनाच्या वेशीजवळ 'कासा दे ला खुलियानेता' हे तिरकं, अरुंद घर आहे. दोन गल्ल्यांच्या बेचक्यात ते कसं बसवलंय ते नीट थांबून बघा. १९६१ पासून गावाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे, आणि जुन्या वास्तू पडू न देता त्याच साहित्यात दुरुस्त करायचं काम तिथलं 'सांता मारिया दे आल्बाराथीन' प्रतिष्ठान करतं. कॅथेड्रल आणि किल्ल्याचे अवशेष त्यांच्या मार्गदर्शकाबरोबर बघायचे असतात. जागा मोजक्या, फेरी ठरल्या वेळेची आणि बहुतेकदा स्पॅनिशमध्ये. पोहोचल्या दिवशीच दुसऱ्या दिवसाची फेरी पक्की करा.

गुडघ्यांसाठी: मुख्य चौक, 'प्लाझा मायोर', सावकाश गेल्यास जमतो. तटाच्या माथ्यावरचा 'आंदादोर' बुरूज मात्र वेगळा. चौकापासून पाऊण तास धरा. वाट खडकाळ, माती सुटी, तटाच्या कडेला काही ठिकाणी कठडा नाही. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, चढताना नाही. वडिलांना वर नेऊ नका. तट गावातल्या बहुतेक मोकळ्या जागांवरून पूर्ण दिसतो, बसून दुर्बिणीतून बघू द्या. दुर्बीण आठवणीने न्या.

दगडवेडा_माण

वरच्या उत्तरात एका गोष्टीला माझा विरोध आहे. नदीकाठची वाट सुचवली नाही ते बरं केलं, कारण लोक तिला सपाट समजून ज्येष्ठांना नेतात. ग्वादालाव्यार नदीच्या कडेने ती गावाला वळसा घालते, पण तीत झुलते पूल आणि खडकाला ठोकलेले फळ्यांचे तुकडे आहेत, पावसानंतर घसरतं. पण दोन दिवस फक्त गावातच घालवणं चूक ठरेल. गाडी आहेच, तर चार-पाच किलोमीटरवरच्या 'पिनारेस दे रोदेनो'ला जा. लाल वालुकाश्म आणि पाइनची दाट राई. आपल्या काळ्या बेसॉल्टवर वाढलेल्या डोळ्यांना तो दगड नवलाचा वाटतो: थरांचा, वाऱ्या-पावसाने कोरलेला, हाताला वाळूसारखा. त्यात हजारो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत, १९९८ पासून जागतिक वारशात. 'प्रादो देल नावाथो'चे पांढरे बैल आधी बघा. पार्किंगपासून तिथली वाट त्यातल्या त्यात सोपी आहे, वडिलांना काठी घेऊन जमेल. चित्रं जाळीआड आहेत आणि फिकट आहेत. उन्हातून आल्यावर लगेच दिसत नाहीत, दोन मिनिटं नजर ठरू द्या. पूर्वी रंग उठून दिसावेत म्हणून लोक असल्या चित्रांवर पाणी मारायचे, त्याने क्षारांचा पापुद्रा चढून चित्रं कायमची पुसट होतात.

आणि परतताना खेआच्या अलीकडे रस्त्यालगत रोमन पाटाचे बोगदे बघा, 'एस्पेखुएलोस' नावाचा भाग. सुमारे २५ किलोमीटरचा हा पाट ग्वादालाव्यारचं पाणी खडक फोडून पलीकडच्या खोऱ्यातल्या 'थेया' गावापर्यंत नेत होता, पहिल्या शतकात. कासचं पाणी उताराने साताऱ्यात कसं येतं हे माहीत असलेल्या वडिलांना तो गडाइतकाच आवडेल.

घाटरस्ता_वाई

कागदांचा क्रम राहिला. आधी व्हिसा: प्रौढांना ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आल्बाराथीनचं बुकिंग नंतर रद्द करता येईल असंच घ्या. मग आंतरराष्ट्रीय वाहन परवाना: 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज, शुल्क १,००० रुपये, सातारा आरटीओतून मिळतो, मुदत एक वर्ष. पूर्वी त्यासाठी व्हिसाची प्रत जोडावी लागायची, ती अट २०२१ मध्ये काढली. आपल्याकडे लायसन्सवर वडिलांचं नाव मध्ये असतं आणि पासपोर्टवर कधी नसतं. दोन्हींवरचं नाव आजच ताडून बघा, फरक असेल तर दुरुस्तीला वेळ जातो. गाडी घेताना मूळ लायसन्सही दाखवावं लागतं, आणि अनामत रकमेसाठी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड. फॉरेक्स कार्ड त्यासाठी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

मे आहे म्हणून फक्त सुती कपडे भरू नका. उंची कासच्या पठाराइतकीच, पण अक्षांश ४० चा. रात्री पारा ५-६ अंशांवर येऊ शकतो. आई-वडिलांना स्वेटर, कानटोपी आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट घ्या, दुपारसाठी टोपी.