मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात बाळंतपणाच्या रजेतच नोकरी गेली, आधी कोणता दावा करावा?

नमस्कार. माझ्या बहिणीला सिझेरियननंतर राज्याच्या डिसॅबिलिटी विम्याचे पैसे सुरू असतानाच कंपनीने कामावरून कमी केले. सिझेरियननंतर साधारणपणे मिळणारे ८ आठवडे आता संपत आले आहेत. यापुढे बाळासाठी पेड फॅमिली लीव्हचे (बाळाच्या संगोपनासाठी राज्याकडून पगाराचा काही भाग मिळणारी रजा) कमाल ८ आठवडे मिळू शकतात. मात्र बेरोजगार भत्त्यासाठी आपण काम करण्यास सक्षम आणि उपलब्ध आहोत, असे दर दोन आठवड्यांनी कळवावे लागते आणि एकाच काळात दोन्ही लाभ घेता येत नाहीत. नोकरीच उरलेली नसताना ईडीडी (हे लाभ देणारा कॅलिफोर्नियाचा सरकारी विभाग) फॅमिली लीव्हचा दावा मंजूर करते का? शिवाय भत्त्याचा अर्ज लांबवल्यास आधारभूत तिमाह्या (ज्यांतल्या कमाईवरून भत्ता ठरतो ते तीन-तीन महिन्यांचे काळ) बदलून रक्कम घटेल, याचाच मला अधिक घोर लागला आहे. टाके दुखत असताना, बाळाला मांडीवर घेऊन ती हे फॉर्म भरते आहे. या क्रमाने दावे केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.