मागच्या एसीची लाइन लीक, गॅस तिसऱ्यांदा गेला. पूर्ण पाइप बदलू की मागचा एसी बंदच करून टाकू?

माहीमचा_डिझेलवाला:
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची सात सीटर डिझेल एसयूव्ही, ड्युअल एसी, म्हणजे पुढे एक आणि मागच्या सीटसाठी छतात वेगळी एक कॉइल. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की अर्धा धागा "घेतलीच कशाला ही गाडी" यावरच जातो. १ लाख ६२ हजार किमी झालेत, इंजिन मख्खन आहे त्यामुळे विकायचा सल्ला देऊ नका प्लीज. पार्किंग बिल्डिंगच्या बाहेर उघड्यावर, समुद्र चालत पाच मिनिटांवर.

तर झालं असं की मार्चमध्ये गॅस भरला, पाच आठवड्यांत कूलिंग गेलं. दुसऱ्याकडे गेलो, तो बोलला लीक चेक करतो, अर्धा तास व्हॅक्यूम मारलं, काटा जागचा हलला नाही, म्हणे लीक नाहीये साहेब, आधीच्याने गॅसच कमी टाकला होता. भरला परत. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत परत गरम हवा. मग तिसऱ्याने गाडी रॅम्पवर घेतली आणि मला खाली बोलावून दाखवलं, ड्रायव्हर साइडच्या दाराखालून दोन ॲल्युमिनियमचे पाइप मागे जातात, त्यातल्या जाड्या पाइपवर मागच्या चाकाच्या अलीकडच्या क्लॅम्पपाशी चिखल आहे पण तो बाकीच्यासारखा कोरडा नाही, तेलकट काळा, बोटाला चिकटतो. तो बोलला इथूनच जातोय.

आता पर्याय दिलेत तीन. कंपनीचे दोन्ही पाइप १९ हजार, लेबर वेगळं, आणि यायला दोन आठवडे. नाहीतर रबरी होज प्रेस करून ८ हजारात. नाहीतर मागची लाइन ब्लँक करून, म्हणजे टोपी लावून कायमची बंद करून, दीड हजारात मोकळं. मी ब्लँकच करणार होतो पण गणपतीला कणकवलीला जायचंय आणि आई मधल्या सीटवर बसते, वडखळच्या पुढे ट्रॅफिक लागलं की तिला गरगरतं. काय करू? आणि व्हॅक्यूमला लीक का नाही दिसलं हे कोणी सांगेल का, ते डोक्यातून जातच नाहीये.

पाना_नंबर_१७:
आधी तुमच्या व्हॅक्यूमचं सांगतो, नऊ वर्षं एसीचंच काम केलंय.

व्हॅक्यूम म्हणजे काय, पाइपमधली हवा काढून घेतली, म्हणजे बाहेरून आत दाब किती तर वातावरणाचा, साधारण साडेचौदा पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप), बस. आणि एसी चालू असताना पातळ लाइनमध्ये मुंबईच्या उन्हात दोनशेच्या वर पीएसआय असतो, तोही आतून बाहेर. जाडी लाइन चालू गाडीत तीस-चाळीसवर असते पण गाडी बंद केली की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि ३० डिग्रीला आर-१३४ए, म्हणजे एसीतला गॅस, साधारण ९५ पीएसआयवर उभा राहतो. म्हणजे तुमची गाडी रात्रभर पार्किंगला उभी असते तेव्हा त्या जाड्या पाइपवर जास्त जोर असतो. बारीक भोक असेल, वर चिखल बसलेला असेल, तर व्हॅक्यूम त्या चिखलाला उलटा आत ओढून भोक बंद करतं. काटा हलणार कसा? व्हॅक्यूम हे ओल काढायला असतं, लीक शोधायला नाही. लीक शोधायचं तर नायट्रोजन मारून दीडशे पीएसआयच्या आसपास, साबणाचा फेस लावून, आणि तासभर गेजकडे बघत बसायचं. टायरवाल्या कंप्रेसरची साधी हवा कोणी मारत असेल तर हात जोडून नको म्हणा, आत ओल जाते आणि दाबाखाली हवा नि १३४ए मिसळलेले बरे नसतात.

अजून एक. गाडी बंद असताना गेज लावून "९० आहे साहेब, गॅस फुल्ल आहे" असं सांगणारे पण भेटतील. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी बंद गाडीत काटा तेवढाच दाखवतो. सिलेंडर संपत आला तरी शेगडीची ज्योत तेवढीच असते ना, तसं. गॅस वजनावर भरतात, बॉनेटखाली स्टिकर असतो त्यावर ग्रॅम लिहिलेले असतात.

मागाठाणे_मोटर्स:
३०० रुपयाचा लीक स्टॉपचा कॅन येतो तो टाका आणि गणपती करून या. नंतर बघा.

पाना_नंबर_१७:
अजिबात नको. तो माल हवा लागली की घट्ट होतो, लाइनमध्ये ओल असली तर आतच घट्ट होतो आणि जाऊन बसतो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडात, म्हणजे जिथून गॅस बारीक भोकातून कॉइलमध्ये सुटतो तिथे. मागच्या कॉइलचा व्हॉल्व्ह छतातलं पॅनल खोलून काढावा लागतो, मग ८ हजारवालं काम किती स्वस्त होतं ते कळतं. आणि चांगली शॉप त्यांच्या मशीनला अशी गाडी लावूनच घेत नाहीत.

अर्धी_टाकी:
सेम टू सेम झालेलं माझं, फक्त मी तीन चुका करून शिकलो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक, आर्गन वेल्डिंग. भोकावर टाका मारला, मस्त दिसत होतं, चौदा दिवसांनी त्याच्या दोन इंच पुढे नवीन भोक. कारण पाइप बाहेरून एका ठिकाणी फुटलेला दिसतो पण क्लॅम्पच्या रबराखाली सगळीकडे पोखरलेला असतो. ते रबर आहे ना तेच व्हिलन आहे, पाइपला धरून ठेवायला दिलंय पण आत पाणी, माती, मीठ धरून ठेवतं, त्यात जाडा पाइप थंड असल्यामुळे त्याला घाम फुटतच असतो, म्हणजे बारा महिने ओलं. वर क्लॅम्प लोखंडाचा, पाइप ॲल्युमिनियमचा, मध्ये खारं पाणी, ॲल्युमिनियमच खाल्लं जाणार. काढलेला पाइप मी घरी आणला होता, रबर बाजूला केल्यावर पांढरी भुकटी पडली, भिजलेल्या पापडखारासारखी, आणि नखाने दाबलं तर नख आत गेलं. तुम्ही वर्षातून दोनदा तरी हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असणार, आपण सगळेच काढतो.

दुसरी चूक, कुर्ल्याला सीएसटी रोडवरून जुना पाइप आणला. स्वस्त पडला, पण आणताना टेम्पोत बसेना म्हणून पोराने जरासा वाकवला आणि सरळ केला. ॲल्युमिनियम वाकवून सरळ केलं की तिथे चीर जाते, डोळ्याला दिसत नाही. महिनाभर चालला.

तिसऱ्यांदा मग होज प्रेस केली, अडीच वर्षं झाली, एकदाही गॅस टाकला नाही. पण होज कुठली ते बघा. एसीची होज वेगळी असते, आतून नायलॉनचा थर असतो, बॅरियर होज म्हणतात. एकाने मला हायड्रॉलिकची काळी होज दाखवली होती, दिसायला दणदणीत, पण गॅस रबरातूनच हळूहळू पाझरतो आणि मग तुम्ही जन्मभर जॉइंट चेक करत बसा. आणि टोकं मशीनवर प्रेस झाली पाहिजेत, जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पत्र्याची पट्टी) लावून देणारा दिसला की गाडी स्टार्ट करायची नि निघायचं. तुमचे जुने पाइप पूर्ण लांबीचे सोबत न्या, टोकं आणि कोन त्यावरूनच जमवतात. तारेने माप घेणारा नको.

रबरी होज एक्झॉस्टपासून लांब बांधून घ्या, ॲल्युमिनियम जिथून जात होतं तिथून जशीच्या तशी नेली तर कधीकधी सायलेन्सर जवळ येतो.

गोरेगाव_ईस्ट_वेस्ट:
ब्लँक करणं वाईट नाहीये हां, मी केलंय, माझ्याकडे मागे कोणी बसतच नाही. फक्त ब्लँक कुठे करतात ते बघा. पुढे इंजिनपाशी टी असतो, मागची लाइन जिथून फुटते तो जोड, तिथेच बंद केलं पाहिजे. काही जण मागे कॉइलपाशी लाइन तोडून टोपी लावतात, मग पुढून मागपर्यंत तीन मीटरचा बंद बोळ तयार होतो, त्यात तेल जाऊन बसतं आणि कंप्रेसर कोरडा पडतो, शिवाय सडका पाइप लाइनमध्येच राहिला म्हणजे लीक पण तिथेच! आणि गॅस कमी भरायला सांगा, स्टिकरवरचं वजन ड्युअलचं असतं, तेवढाच सिंगलमध्ये कोंबला तर हाय साइड, म्हणजे पातळ लाइनचा दाब, चढते आणि सिग्नलला एसी आपोआप बंद.

पण आई मागे बसणार असेल तर नका करू. मे महिन्यात सात सीटरच्या मधल्या रांगेत पुढच्या एसीची हवा पोचेपर्यंत ती हवा राहतच नाही.

माहीमचा_डिझेलवाला:
धन्यवाद सगळ्यांना, पापडखाराचं वाचून खाली जाऊन टॉर्च मारून बघितलं, तीन क्लॅम्प आहेत आणि तिन्हींच्या कडेला पांढरं आहे. होज फायनल. दोन्ही लाइन की फक्त जाडी? पातळ लाइन तर कोरडी दिसतेय. आणि ड्रायर बदलायलाच पाहिजे का, तो वेगळे बावीसशे सांगतोय, मला वाटलं बिल फुगवतोय.

पाना_नंबर_१७:
दोन्ही. एकाच रबरात बसलेल्या आहेत, एक गेली की दुसरी रांगेत उभीच असते आणि लेबर दुसऱ्यांदा तेवढंच लागतं.

ड्रायरचं तो खरं बोलतोय. आतले दाणे ओल शोषतात, सिस्टिम पावसाळ्याच्या हवेत उघडी राहिली की ते काही वेळात भरतात, मग उरलेली ओल व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते आणि एसी मध्येच थंड मध्येच गरम. नवीन ड्रायरच्या टोप्या शेवटपर्यंत काढू देऊ नका, सगळे पाइप जोडून झाल्यावर ड्रायर लावायचा आणि लगेच व्हॅक्यूम. कंप्रेसरच्या तेलाचं पण तसंच, पीएजी तेल ओल खेचतं, कोपऱ्यात अर्धी उघडी पडलेली बाटली असेल तर नको, सीलबंद आणा. किती घालायचं तर लाइनमधून जेवढं गेलं तेवढंच, अंदाजाने ओतलं तर कूलिंग मार खातं.

ओ-रिंग सगळ्या नवीन, १३४ए च्या, बहुतेक हिरव्या येतात, कंप्रेसरचंच तेल लावून बसवायच्या. आणि नट सोडताना दोन पाने लावतोय का बघा, एका पान्याने पिळला की मागच्या कॉइलचा नळीवाला भाग पिळवटतो, आणि मग कॉइल गेली.

जुना गॅस जो काय उरलाय तो मशीनने काढून घ्यायला सांगा, हवेत फुस्स करू देऊ नका. एक किलो १३४ए म्हणजे शंभर वर्षांच्या हिशोबात हजार किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. आणि लाइनमध्ये गॅस असताना कोणी गॅस कटर किंवा टॉर्च पेटवली तर तिथून बाहेर व्हा, जळल्यावर त्याचा जो धूर होतो तो विषारी असतो.

अर्धी_टाकी:
+१ दोन पान्यांना. माझी कॉइल त्यातच गेली होती, ती तिसरी चूक, वर लिहायला लाज वाटली.

माहीमचा_डिझेलवाला:
अपडेट. काम झालं, शनिवारी सकाळी दहाला दिली, रात्री साडेआठला हातात. नायट्रोजन मारायला सांगितलं तर मालक आधी बोलला त्याची गरज नाही, मी बोललो माझ्या समाधानासाठी मारा, पैसे देतो. मारला आणि फेस लावला तर नवीन होजच्याच एका जॉइंटला बुडबुडे! ओ-रिंग दुमडली होती. मालक काही बोलला नाही, पोराकडे बघितलं फक्त. बदलली, परत मारला, एक तास काटा हलला नाही, मग व्हॅक्यूम पाऊण तास आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस.

एकूण ११ हजार ७०० झाले ड्रायर, तेल, गॅस धरून. जुने पाइप मागून घेतले, मधल्या क्लॅम्पखाली एक नाही चार भोकं होती, एकातून शिवायची सुई आरपार गेली. म्हणजे वेल्डिंग केलं असतं तर गेलोच होतो.

क्लॅम्प जुनेच आहेत पण रबर काढून टाकलं, होज आता प्लास्टिकच्या पट्टीने बांधलीय, आणि दोन ठिकाणी ती पट्टी होजला घासतेय असं वाटतंय. तिथे काय लावू, कोणी सायकलची ट्यूब कापून लावलीय का? रविवारी आईला घेऊन वाशीपर्यंत चक्कर मारली तर ती मागून म्हणाली ब्लोअर एकवर कर, गार लागतंय.