मोबाइलचा दोष नाही, ट्यूबलाइटचा आहे

कुणी म्हणतं की मोबाइलवर व्हिडिओ शूट केला की चित्रात पट्ट्या येतात, शाळेने चांगला कॅमेराच घ्यायला हवा. पटत नाही. नववीत आमच्या व्हिडिओच्या तासाला मी शाळेच्या शिपाईकाकांची मुलाखत घेतली होती. घंटेच्या दोरीवर त्यांचा हात, आवाज अगदी स्वच्छ, आणि सगळ्या चित्रावरून काळसर पट्टे वर सरकताहेत. रडूच आलं होतं मला.

बाईंनी ओरडण्याऐवजी कारण समजावलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात दोन लुकलुकी, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, पण शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश आत घ्यायचा वेळ, १/६० सेकंदावर असलं की कॅमेऱ्याला कळतं. फोनमध्ये मॅन्युअल सेटिंग असलेलं अ‍ॅप घेऊन सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर १/५० केलं की प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन लुकलुकी मिळतात, पट्टे जातात. तोच फोन, तीच खोली, दुसऱ्या दिवशी काकांना पुन्हा बसवलं. दुसऱ्यांदा ते जास्त मोकळे बोलले, घंटा चुकून दहा मिनिटं आधी दिली होती तो किस्साही सांगितला. कॅमेरा घेण्याआधी मुलांना हे एवढं जरूर शिकवा.