विषय: डिकीच्या झाकणात तुटून अडकलेला नंबरप्लेटचा स्क्रू

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार,

आमची बारा वर्षे वापरलेली गाडी येत्या शनिवारी नव्या मालकांकडे जायची आहे. मिशिगनमध्ये नंबरप्लेट गाडीबरोबर जात नाही, ती मालकाकडेच राहते आणि त्याच्या पुढच्या गाडीवर चढवता येते, म्हणून काल संध्याकाळी मी ती काढायला घेतली. उजवीकडचा स्क्रू सहज निघाला. डावीकडचा मात्र जागचा हलेना आणि जोर लावताच त्याचे डोके तुटून हातात आले. प्लेट सुटली, परंतु स्क्रूचा उरलेला भाग झाकणात रुतून बसला आहे आणि तो पत्र्याबाहेर इतका थोडा आहे की पकडीत येत नाही. पुण्याच्या भावाला फोनवर सांगितले, तर तो म्हणाला की फोडून टाक आणि नवा लाव. घरी ड्रिल आहे, तुटलेले स्क्रू काढण्याचा संचही दुकानात मिळतो असे कळले. तो आणून सरळ भोक पाडायला घ्यावे का? गाडी घेणाऱ्या कुटुंबाला त्यांची प्लेट एकाच स्क्रूवर लावावी लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपली नम्र,
नोव्हायहून एक सभासद

*

ताई, सप्रेम नमस्कार.

ड्रिल अजून हातात घेऊ नका. भावाचे म्हणणे तिकडच्या परिस्थितीत बरोबर आहे, कारण भारतात 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांची उच्च सुरक्षा नंबरप्लेट स्नॅप लॉकने बसवतात आणि ते लॉक तोडल्याशिवाय निघूच नये असे बनवलेले असते. तुमच्या गाडीत मात्र स्क्रू ज्यात फिरतो तो झाकणातला नटच पुन्हा वापरायचा आहे, म्हणून त्याचे आटे वाचवणे हेच खरे काम आहे.

आधी डिकी उघडून झाकणाच्या आतल्या बाजूचे अस्तर सोडवा आणि स्क्रू कशात शिरला आहे ते मागून पाहा, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. काही गाड्यांत पत्र्याच्या चौकोनी भोकात नायलॉनची गुल्ली बसवलेली असते. तशी असेल तर स्क्रूशी झगडण्याचे कारणच नाही. गुल्लीचे कान मागून पकडीने दाबून ती स्क्रूसकट बाहेर ढकलावी आणि नवी बसवावी.

पत्र्याच्या पाठीला लोखंडी नट वेल्ड केलेला असेल, तर दोष आपल्या रस्त्यांवरच्या मिठाचा आहे. हिवाळाभर पसरले जाणारे हे मीठ मागच्या चाकांनी उडालेल्या पाण्याबरोबर नेमके प्लेटवर येऊन बसते. (डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, तेव्हा त्याची इथे कधी टंचाई होत नाही.) ते खारे पाणी आट्यांच्या फटीत शिरते, स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा काही हिवाळ्यांत संपतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे स्क्रू व नट एकमेकांत आवळले जातात.

अशा नटातून स्क्रूचे शेपूट बहुधा मागे थोडे डोकावत असते, आणि डोके तुटल्याचा एक लाभ असा की आता स्क्रू बाहेर ओढण्याची गरज उरत नाही, तो पुढे आत ढकलून मागून काढता येतो. शेपटावरचे गंजलेले आटे पुन्हा नटातून उलटे आणण्यापेक्षा हे पुष्कळदा सोपे जाते. जाम आटे सोडवण्याचे पेनेट्रेटिंग ऑइल रात्री दोन्ही बाजूंनी सोडा आणि सकाळी पुन्हा सोडा. घरोघरी असणारे डब्ल्यूडी-40 हे 1953 साली मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले होते, म्हणून या कामासाठी खास ऑइल आणलेले बरे. नंतर शेपूट व्हाइस ग्रिपमध्ये, म्हणजे आवळून तशीच अडकून राहणाऱ्या पकडीत, घट्ट धरून मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. एकदम जोर लावू नका. थोडे पुढे, थोडे मागे, असे करत गंजाची पूड मोकळी होऊ द्या. ज्योत मात्र अजिबात लावू नका, कारण शेजारीच प्लास्टिक, वायर आणि रंग आहेत आणि ते ऑइल पेट घेते.

हे जमले नाही तरच ड्रिल घ्यावे. तेव्हा सेंटर पंचने, म्हणजे खूण ठोकायच्या टोकदार खिळ्याने, बरोबर मध्यभागी खूण करून उलट्या पिळाचे, म्हणजे डावे बिट वापरावे. ते कापता कापता स्क्रूला सोडवण्याच्या दिशेनेच फिरवते आणि अनेकदा स्क्रू त्याच्याबरोबर बाहेर येतो. तुम्ही म्हणता त्या संचातला एक्स्ट्रॅक्टर अगदी शेवटी. एवढ्या बारीक स्क्रूसाठी तो फार सडपातळ असतो, त्याचे पोलाद कठीण पण ठिसूळ असते, आणि तो आत तुटला तर साध्या बिटने त्याला भोकही पाडता येत नाही.

शाबूत निघालेला स्क्रू नीट मोजा. 6 मिलिमीटरच्या नटात पाव इंची स्क्रू दडपून बसवल्याने जाम झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. दोन्हींची जाडी जवळपास सारखी दिसते, आट्यांचे अंतर मात्र वेगळे असते. तुमचा 6 मिलिमीटरचा, 1 मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा निघाला, तर त्या मापाचा टॅप, म्हणजे नटातले आटे साफ करण्याचे हत्यार, माझ्याकडे आहे, तो घेऊन जा.

आपला,
ट्रॉयहून एक ज्येष्ठ सभासद

*

आदरणीय काका, सादर नमस्कार.

आपण सांगितल्याप्रमाणे अस्तर काढून पाहिले. नट वेल्ड केलेलाच होता आणि मागे स्क्रूचे तीन आटे दिसत होते. रात्री आणि सकाळी ऑइल सोडले. पहिली दहा मिनिटे काहीच हालचाल नव्हती. मग बारीकसा करकर आवाज आला, लालसर पूड गळू लागली आणि अर्ध्या तासात स्क्रू आतल्या बाजूने हातात आला. टॅप फिरवल्यावर 6 मिलिमीटरचा नवा स्क्रू नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला. दोन्ही बाजूंना स्टेनलेसचे स्क्रू आणि नायलॉनचे वॉशर घेतले आहेत, आट्यांना ते पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून अँटी-सीझ वंगण लावले आहे, आणि भोकाभोवती खरचटलेल्या जागी रंगाचा हात फिरवला आहे. गाडी शनिवारी सकाळी जाईल. आपला टॅप पुसून, तेल लावून रविवारी घरी आणून देते.

आपली,
नोव्हायहून