मदत हवी आहे: नशेत पडून इजा झाली तर भरपाईचा दावा टिकतो का?

धाकटा भाऊ एका समारंभात दारू प्यायला आणि जिन्यावरून पडला. घोटा मोडला, प्लेट घालावी लागली. चूक त्याची आहेच, तोही नाकारत नाही. पण जिन्याला कठडा नव्हता, दिवा बंद होता. शेवटच्या पायऱ्या मी स्वतः भिंत चाचपडत उतरले, तेही पूर्ण शुद्धीत. बऱ्याच देशांत जखमी माणसाची जेवढी चूक तेवढी भरपाई कापतात, असं वाचलं. मग तो नशेत होता एवढ्यावरून जागामालक पूर्ण सुटतो का? रक्तातल्या दारूचा रिपोर्ट आमच्यावर उलटेल का? जिन्याचे फोटो त्याच रात्री काढलेत. कुणी असा दावा लढवला असेल तर कृपया सांगा. घरातलेच त्याच्याशी धड बोलत नाहीत, ते बघवत नाही.